हिंगण्याचा समुद्र

हजार लिटर पाण्यात पस्तीस किलो मीठ:
हिंगण्याच्या शेडमध्ये नंदेश्वरबाई
रोज सकाळी समुद्र कालवते.

आज वहीत आखात लिहिलंय. पंचेचाळीस किलो.
हीटर नको, मे महिना आहे,
टाकी नुसती उन्हात सरकवली.

दाब साठावर. काटा थरथरतो.
पाणी तापलं की पडदा सैलावतो,
मीठ गुपचूप पलीकडे जातं.
बाई झडप पाव फेरा आवळते,
थांबते,
पंपाला कान देते.

"तुमी समुद्र पाह्यला का, मॅडम?"
नवा पोरगा.
"नाई रे. पेली हाओ फक्त,"
आणि ग्लास त्याच्यापुढे.

उरलेला खारट लोंढा
संध्याकाळी पत्र्यावर पसरते.
उद्यापर्यंत वाळेल.
उद्या वहीत कोकण आहे,
पावसाळ्यातलं, गढूळ.
माती कुठून आणायची, ते अजून ठरायचंय.