अंगठा

रेशनच्या मशीनला माझा अंगठा दिसत नाही.
चाळीस वर्षं पानं वळून वळून
रेषा विड्यांबरोबर गेल्या.
"मावशी, पुसा. परत ठेवा. दुसरं बोट."

सोलापूर सोडून मी अक्कलकोटच्या पुढं गेले नाही.
आणि परमुलखात कुठंतरी
तोच अंगठा एका झटक्यात उठला,
नव्वद हजारांच्या कर्जावर.

जेल रोड ठाण्यातला पोरगा विचारतो,
"तुम्हीच नरसव्वा येमुल कशावरून?"
पिशवी उपडी केली :
विडी कार्ड, लाईट बिल, नवऱ्याचा मृत्यूदाखला.
कुठं नरसाबाई, कुठं नरसम्मा, कुठं एमूल.
बिनचूक नाव एकाच कागदावर, कर्जाच्या.
चोरानं तेवढं नीट लिहिलं.

सुनेनं एकोणीसशे तीस लावला,
आधारला कुलूप घातलं,
बँकेत अर्ज. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.
आता वाट बघा, म्हणाले.

रात्री सूप मांडीवर घेतलं. हजार भरल्या.
सकाळी कारखान्यात मोजणाऱ्यानं
वर मान न करता जुडी बाजूला ठेवली,
"नरसव्वाची. दोरा बघूनच कळतंय की."
मग त्यातल्या बारा विड्या छाट काढल्या.

रोज भांडते.
आज नाही भांडले.