सात अक्षरांचे दरवाजे

ओदील म्हणते, माउस विसर.
माउसवाले जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा पोचत नाहीत.
सात अक्षरं ठोक, एंटर मार, आत जा.
पहिलं अक्षर खात्याचं.
एस म्हणजे विद्यार्थी, टी म्हणजे पैसा.
आणि उरलेली सहा?
"ज्याला ठाऊक होती
तो चौऱ्याण्णव साली फ्लोरिडाला गेला."

मी वहीत उतरवून घेते.
वही गिरणीतली, वर तीन नंबर मशीनचा शिक्का.
सव्वीस वर्षं मी कागद केला त्या मशीनवर.
रोल फाटायच्या आधी त्याचा सूर चढायचा,
पाठ फिरवून उभी असले तरी मला कळायचं.
इथे काहीच वाजत नाही.
चुकलं की पडद्याच्या तळाशी
मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ येते:
*आधी मागचा ब्लॉक सोडा.*
कुठला मागचा? आणि मी तो धरला कधी?

मंगळवारी खिडकीशी एक पोरगा,
बुटांना चिखल, नावनोंदणी अडलेली.
ग्रंथालयाचे चार डॉलर थकलेत,
करवतीच्या दुरुस्तीचं पुस्तक, उशिरा परत.
पैसे त्याने चिल्लर मोजून दिले.
मी अडसर पुसायला गेले तर ओदीलने मनगट धरलं.
"इथे पुसत नाहीत काही. संपल्याची तारीख घालतात.
आणि आजची नको, कालची घाल,
आजची घातलीस तर रात्री बारापर्यंत
बिचारा अडकून राहील."
मग तिने तोंडातली गोळी या गालातून त्या गालात नेली.

मिशो आडनावाचे एकशे बारा निघाले,
त्यातले तीन जेरार्ड,
दोघांची जन्मतारीख एकच.
एकाच माणसाच्या दोन नोंदी की चुलतभाऊ?
"फोन लाव," ती म्हणाली. "आईला विचार."
आईने फ्रेंचमध्ये हसून सांगितलं: जुळे.
दोघांचं नाव एकच ठेवलंत?
आजोबा दोन होते ना, ती म्हणाली.

शुक्रवारी ओदीलचा शेवटचा दिवस.
ती वर केक कापायला गेली
आणि मी, हात रिकामा राहू नये म्हणून,
माहेरचं नाव टाइप केलं:
थेरियो, रोबर्टा.

होते मी तिथे.
शरद, शहाऐंशी. दोन विषय, दोन्ही सोडलेले.
कारण: नव्याण्णव.
नव्याण्णव म्हणजे काय, ते बघायला आणखी एक दरवाजा.
सात अक्षरं मी न बघता ठोकली, पहिल्यांदाच.
*कारण कळवले नाही.*

कळवलं होतं.
याच खिडकीशी, पिवळा स्वेटर घातलेल्या मुलीला
मी सगळं सांगितलं होतं:
बाबांचा हात बटाटे काढायच्या यंत्रात गेलाय,
तीन आठवड्यांचं पीक जमिनीत आहे,
बर्फ पडायच्या आत परत येईन.
तिने मान डोलावली होती, मला पाणी दिलं होतं.
नोंदीच्या कडेला दोन अक्षरं: ओ, डी.

ओदील डेशेन कागदी बशी घेऊन आली.
बशी ठेवली, चष्मा वर केला,
पडदा वाचला. परत वाचला.
"त्या चौकटीत दोनच आकडे मावायचे," ती म्हणाली.
थोड्या वेळाने: "हात वाचला का त्यांचा?"
दोन बोटं, मी म्हटलं.
"आता एकतीस आहे. कौटुंबिक.
बदलायचं तर बदल. तारीख मात्र आजची पडेल,
आणि नाव तुझं."

मी केकचा तुकडा मोडला.
खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती,
खर्र, थांब, खर्र.
ओदील माझ्या खुर्चीच्या हातावर टेकली,
आम्ही एकाच काट्याने खाल्लं.

पंधरा मिनिटं कुणी काही केलं नाही
म्हणून पडदा पांढरा झाला,
यंत्राने दोघींना बाहेर काढलं
आणि विचारलं, कोण तुम्ही.