आधी कंदील

पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये चार दिवस शिकवलं ते एवढंच,
पत्ता उलटा लिहायचा.
आपण आधी नाव लिहितो, मग गल्ली, पेठ,
ता. मिरज, जि. सांगली.
मशीनला आधी देश लागतो,
देशाखाली प्रशासन,
प्रशासनाखाली खासगी क्षेत्र, मग कंपनी,
आणि पार तळाला, झटकलेल्या पोत्यात
एखादं हळकुंड राहावं तसा
माणूस.

भोकरेशेठना हे पटेना.
"हॅम्बुर्गची पार्टी आमची, माल आमचा,
मग पत्र थेट का जात नाही?"
मी कागदावर काढून दाखवलं,
खासगी क्षेत्राला हद्द ओलांडता येत नाही,
आपण आपल्या प्रशासनाला द्यायचं,
ते त्यांच्या प्रशासनाला देणार,
ते पार्टीला.
शेठ चष्मा काढून हसले.
"म्हणजे यातबी अडत्या हायच की!"
आणि मॉडेमचं बिल सही करून टाकलं.

बाबालाल नदाफ टेलेक्सच्या काळापासूनचा.
त्याला सांगितलं, निरोप मुक्काम करत जातो,
एका ठाण्यात साठतो,
पुढचं ठाणं जागं झालं की पुढे.
"पेव की मग," तो म्हणाला.
त्याचे वडील हरिपूरला पेवात उतरायचे.
तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस उतरायचा नाही.
मी म्हटलं, आमच्यातही आहे तसं,
मजकुराशिवाय नुसता निरोप सोडायचा,
वाट आहे का बघायला.

एक गोष्ट सर दोनदा म्हणाले होते.
जिथं कुठलंही प्रशासन चालतं
तिथला रकाना रिकामा सोडू नका,
एक स्पेस मारा.
रिकामं वेगळं, स्पेस वेगळी.
वहीत लिहून घेतलं, कळलं नाही.
कळलं वैशाखात, आवटींच्या घरी,
पहिले सहा महिने
पंगतीत मी तशी बसत होते.
रिकामी नव्हे.
एक स्पेस.

ऑफिसात यादीतलं आडनाव मीच बदललं,
मगदूम पुसून आवटी.
आठवड्याने हॅम्बुर्गच्या बाईंचा फॅक्स आला,
तीन पत्रं परत आली,
तुमची मशीन म्हणते, अशी कोणी नाही,
तुम्ही बऱ्या आहात ना?

बरी आहे, कळवलं.
पंचवीस टन राजापुरीचा भावही कळवला.

मग संध्याकाळी, यार्डातले हमाल गेल्यावर,
रोज एक कंदील सोडायला लागले,
देश, प्रशासन, भोकरे आणि मंडळी,
आडनाव मगदूम, नाव त्रिशला.
मजकूर काही नाही.
रोज विझून वर यायचा.
असा ग्राहक नाही.
असा ग्राहक नाही.
दिवाळीला दोन दिवस सुट्टी, तेव्हा नाही सोडला.

सुट्टीनंतर सोडला,
आणि उत्तर आलं, पोचेल.

बाबालाल प्रिंटरची रिबन बदलत होता,
बोटं काळी.
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"जुनं नाव बी आत ठेवलंय, ताई, नव्याच्या मागं.
शेठना सांगू नका.
पेव रिकामं झालं म्हणून कोण बुजवतंय व्हय?
झाकून ठेवत्यात."

मी काही बोलणार
तेवढ्यात मुंबईची लाइन तुटली,
आणि दोघं पुन्हा नंबर फिरवत बसलो.