साखळीच्या कड्या

पहाटे सहाला पोस्टातून मार्लीसचा फोन:
"लेस्या, घेऊन जा बाई तुझा हा चिवचिवाट,
मला तिकिटंसुद्धा मोजू देत नाहीत."
बाहेर सस्कॅचवानचा एप्रिल, म्हणजे
कुंपणाच्या दुसऱ्या तारेपर्यंत बर्फ.

ओरेस्तनं आदल्या रात्रीच गोठ्यातली पत्र्याची डोणी आणलेली,
वासरं पाणी प्यायची तीच,
एका अंगाला जुन्या लाथेचा पोचा.
तळाला पाइनचा भुसा चार बोटं,
वर मोडक्या ओव्हनची जाळी, मांजरीच्या धाकानं,
आणि एका टोकाला
कुत्र्याच्या साखळीला टांगलेला तांबडा दिवा.
"मधोमध का नाही?" मी विचारलं.
"नकोसं झालं तर सरकायला जागा हवी ना."
अख्ख्या हिवाळ्यात तो माझ्याशी बोललेलं
सगळ्यात लांब वाक्य.

पंचवीस मागवलेली, निघाली सव्वीस.
वाटेत एखादं मेलंच तर, म्हणून वर एक घालतात.
मेलं कुणीच नव्हतं.
प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवायची,
नाहीतर पाणी म्हणजे काय ते त्यांना कळत नाही.
सव्वीस वेळा म्हटलं, हे बघ, पाणी.
बशीत गोट्या टाकल्या, बुडून मरू नयेत म्हणून,
दानिलोच्या, निळ्या रेघेच्या,
अजून त्याच्या खणात मोज्यात बांधलेल्या.
तो उत्तरेला, तेलाच्या खाणीवर.
घेऊ का, असं विचारायला फोन केला नाही.

थर्मामीटर होता, पण खोटारडा.
ओरेस्त म्हणे, त्यांच्याकडेच बघ.
दिव्याखाली एकमेकांच्या उरावर चढली, तर गारठलीत.
कडेला पांगून, पंख पसरून धापा टाकतायत, तर भाजतायत.
एक दाणे उधळतंय, एक उगाच भांडतंय,
एक उभ्याउभ्या झोपेत भुशावर कलंडतंय,
म्हणजे बरं चाललंय.

मी आमच्या घराकडे बघितलं:
हा गोठ्यात, मी स्वयंपाकघरात,
मुलगा सातशे किलोमीटरवर.
दिवा एवढा खाली कुणी आणला होता?

तिसऱ्या रात्री वारा सुटला आणि वीज गेली.
लाकडाच्या शेगडीवर पाणी उकळलं,
काकडीच्या लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून त्यांत ओतलं,
बरण्यांना ओरेस्तचे लोकरी मोजे चढवले.
तासाला एक तो बदलायचा, एक मी.
सव्विसावं, ते वरचं, माझ्या झग्यात छातीशी.
"बूड चिकटलंय त्याचं," तो कंदील धरून म्हणाला,
"कोमट पाण्यानं पूस. ओढू नकोस."
पुसलं. दोन म्हातारी माणसं,
डॉक्टरसारखे चेहरे करून, एका चिमुकल्या ढुंगणापाशी वाकलेली.
आधी तो हसला. मग मला आवरेना.

दर रविवारी तो दिवा एक कडी वर घेतो.
थंडी एकदम अंगावर घालायची नसते, म्हणतो.
तिसऱ्या कडीला पंखांत खरी पिसं आली,
पाचवीला जाळीवर धडका सुरू.
काल दिवाच काढला.

तरी रात्री दोनला जाग आली.
मागच्या खोलीत ओरेस्त आधीच उभा,
अनवाणी, टॉर्च घेऊन डोणीत वाकलेला.
"उद्या दानिलोला फोन करते," मी म्हटलं.
"गोट्या घेतल्या ते सांगायला."
"हं."
"टॉर्च बाजूला घे आता. झोपू दे त्यांना."