एक पायरी थंड

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
हातिमभाईंच्या काउंटरवर मी चार जुने प्लग मांडले,
रुमालात गुंडाळून आणलेले, क्रमाने.
क्रम चुकला असता तर साक्षच बदलली असती.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"गाडी कोणती?"
एक्क्याण्णवची. दोन दारांची, टर्बोची,
झोपेतून उठल्यासारखे जिचे दिवे बॉनेटमधून वर येतात ती.
"आणि चालवतं कोण?"
"मी."
त्यांनी पुन्हा प्लगकडे पाहिलं.
हे त्यांचं मला आवडतं.

पहिला, दुसरा, चौथा : चिनीमातीवर फिक्या चहाचा डाग.
तिसरा पांढराफटक,
टोकाशी बारीक फोड,
तापात बरळून गप्प झालेल्या माणसाच्या ओठांसारखे.
"ह्याला पेट्रोल कमी पोचतंय, बाई.
प्लग बदलाल, आजार तसाच राहील."
"इंजेक्टर रॉयस्टनकडे दिलाय साफ करायला."
"मग बोलू."

काचेच्या कपाटात, कुलपाआड, इरिडियमचे.
सुईएवढं टोक, लाख किलोमीटरचा वायदा.
मी छप्पन्नची, गाडी तेहतीसची,
आम्हा दोघींपैकी कुणाला हवाय तो?
शिवाय मला ते सारखे काढून बघायचे असतात.
तांब्याचे द्या.

"कितीचे? गरम, थंड?"
इथे लोक चुकतात.
थंड म्हणजे ठिणगी कमी असं नाही.
गरम प्लग उष्णता धरून बसतो,
थंड ती लवकर सोडून देतो
हेडकडे, तिथून पाण्याकडे.
टर्बो हवा कोंबत राहतो,
आणि धरून बसणाऱ्याचं टोक मग निखारा होतं,
ठिणगीची वाट न बघता पेटवून मोकळं.
आमच्या टूलरूममध्ये असा एक फोरमन होता.
घरी विचाराल तर अशी एक इन्स्पेक्टरही होती.

पण फारच थंड घेतला
तर मानपाड्याच्या सिग्नलवर काजळी धरतो,
आणि माझं निम्मं आयुष्य मानपाड्याच्या सिग्नलवर जातं.
म्हणून एकच पायरी.

चार प्लग, सहाशे चाळीस रुपये.
हातिमभाई म्हणाले, "तिसरा ठेवून जा.
दुकानातल्या पोरांना दाखवतो."

रात्री पार्किंगमध्ये, पिलरच्या ट्यूबलाइटखाली,
फीलर गेज काढला.
कंपनीला टाळं लागलं त्या दिवशी तो माझ्या पर्समध्ये राहून गेला.
राहून गेला, असंच मी म्हणते.
पंचवीस वर्षं त्याच्या पात्यांनी
मी इतरांच्या चुका मोजल्या, शेरा मारला, सही केली.
मग एकरकमी पैसे मिळाले
आणि ही चूक मी स्वतःची स्वतः विकत घेतली,
ताडपत्रीखाली, कोलशेतच्या एका गोदामात,
चारही टायर बसलेली.
पाचव्या मजल्यावरचे करंबेळकर तेव्हापासून
लिफ्टमध्ये मला एवढंच विचारतात, "विकली का?"

खोक्यावर गॅप एक पूर्णांक एक.
मी पॉइंट सातवर आणते.
दाबाची हवा ठिणगी फुंकून टाकते.
वाऱ्यात काडी ओढताना दोन तळवे जवळ येतात ना,
तेवढंच.
कडेचा पाय फरशीवर हलकेच टेकवायचा,
पातं सरकवायचं.
ओढताना लोण्यातून सुरी यावी तसं आलं तर चुकलं.
किंचित नाही म्हणायला हवं.

पहिले आटे हातानेच. रबरी नळीचा तुकडा,
दोन बोटं, घाई नाही.
हेड ॲल्युमिनियमचं, त्यात चुकीचा आटा
कुणी माफ करत नाही.
तिसरा शेवटी बसवला.

चावी.
एकदा खोकली, दुसऱ्यांदा धरलं,
मग चौघांचा एक आवाज,
नवव्या की दहाव्या सेकंदाला कुठेतरी एक अडखळ,
की मलाच तशी सवय झालीये?
बोनेटवर हात ठेवून उभी राहिले.
पाचशे किलोमीटरनंतर काढून बघेन, तिसऱ्याचा रंग.

पाचव्या मजल्यावर दिवा लागला.
मी ॲक्सिलरेटरची तार बोटाने जराशी ओढली.