गळती

सोहारच्या या घरामागे अंगण म्हणजे
नुसती खडी,
आणि एसीच्या नळीखाली बशीएवढं डबकं.

टिटवीने खडीतच अंडी घातली, चार.
काडी नाही, आडोसा नाही.
शफीउलचा पाय पडता पडता राहिला
तेव्हा कळलं.

दुपारी शेहेचाळीस अंश.
ती डबक्यात येते, पोट भिजवते,
तशीच ओली धावत जाऊन बसते.
ऊब द्यायला नव्हे,
निववायला.

रात्री टिटवी ओरडली
की आमच्याकडे चिपळूणला दारं लावून घ्यायचे.
इथे ती ओरडली नाही
की मी उठून बघते.

गुरुवारी कुरियन आला,
शिडी, टेप, नवी नळी घेऊन.
किती दिवस गळतंय मॅडम?
म्हटलं, अजून अकरा दिवस गळू दे.
त्याने वरून खाली पाहिलं, बराच वेळ.
टेप खिशात टाकली,
आणि उतरताना नळीचं तोंड
किंचित वाकवलं
सावलीकडे.

तिघं निघाली,
वाळली न वाळली तोच फाटकाखालून गेलीसुद्धा,
आईच्या मागे.
चौथं तसंच आहे खडीत.
कुरियनचा फोन येऊन गेला दोनदा.
नळी गळतेय.