लाइन

चोर कोण, हे मी सगळ्यांनाच विचारतो.
काच फोडणारा, लॉक उचकटणारा, की नुसतं पेट्रोल ओढणारा,
त्यावर ठरतं सेन्सर किती हळवा ठेवायचा.
सुचिता म्हणाली, बाबा.

आणि बाबा तर तिथेच, पुढच्या सीटवर,
मांडीवर छत्री आडवी धरून.
सगुण गावकर. सत्तावीस वर्षं टिपर मारला,
खाणीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून खाणीवर.
खाण बंद पडली, टिपर किलोवर गेला,
पण रात्री अडीचला जाग येते ती येतेच:
आधी नंबर लावला तर चार ट्रिपा,
उशीर झाला तर दोन.
मागच्या महिन्यात सापडले धक्क्याच्या फाटकापाशी.
फाटक गंजून बंद, हेडलाइट त्याच्यावर,
एका पायात चप्पल.

मी डॅशबोर्डखाली उताणा, टेस्ट लॅम्प दातांत.
पांढरी, तांबड्या पट्टीची: बारा व्होल्ट, रात्रंदिवस.
काळी-पिवळी: किल्ली फिरली तरच.
आणि दाराच्या पिनची ती बारीक जांभळी,
दार उघडलं की तिला अर्थ मिळतो
(आमच्या धंद्यातला)
आणि छतातला दिवा लागतो.
ती हवी होती मला.

कार्पेट उचललं, तर खाली लाल माती.
ही गाडी मडगावच्या दंतवैद्याची, सेकंडहँड घेतलेली,
खाणीचं तोंडही पाहिलेलं नाही तिने.
कुडचड्यात असंच असतं. कशाखालीही बघा.
रंग खरवडून पत्रा उघडा केला, अर्थ घट्ट बसवला.
"सोल्डर मार रे," वरून आवाज,
"नुसतं पिळून टेप गुंडाळू नको. खड्ड्यात सुटतं."
मी टेप गुंडाळत होतो.
मौलालीकडून सोल्डर मागून घेतलं.

किटमधली एक वायर हॉर्नची.
ती नको, सुचिता म्हणाली,
मागून हॉर्न आला की त्यांना वाटतं लाइन सुटली.
मुळाशी कापली.

राहिला सायरन.
बॉनेटखाली बसवायचा, तोंड जमिनीकडे,
नाहीतर पाणी साचून पावसाळ्यात मुका होतो.
मौलालीने टेस्टला वाजवला, एकदाच.
म्हाताऱ्याने कान झाकले नाहीत.
दार ढकलून उतरले, पोराचं मनगट धरलं,
ओढत नेलं जुन्या टायरांच्या थप्पीमागे,
त्याचं डोकं छातीशी दाबलं आणि वाकून बसले.
"सुरुंग," म्हणाले. अगदी शांतपणे. मग मोजायला लागले.
मौलाली गदगचा, सतरा वर्षांचा,
बारापर्यंत हलला नाही.
मी सायरन परत खोक्यात घातला.

स्टार्टरच्या वायरमध्ये रिले टाकला.
आता अडीचला दार उघडेल,
जांभळीला अर्थ मिळेल,
सुचिताच्या उशीखाली रिमोट थरथरेल.
किल्ली फिरेल. टिक. बाकी काही नाही.
चिडणार नाहीत ते, असा माझा अंदाज.
लाइनमध्ये इंजिन बंदच ठेवायचं असतं,
डिझेल आपल्या खिशातलं.
समोर काळोख, म्हणजे पुढचा टिपर.
बसून राहतील.
ती येऊन बाजूला बसेल, झोपेतून उठलेली,
क्लीनरच्या जागेवर.

बिलातून सायरनचे वजा केले.
रिले चुकवायचा चोरस्विच फक्त तिला दाखवला,
तिचा हात धरून बोट टेकवलं त्याच्यावर,
म्हातारे तेव्हा नळावर पाय धूत होते.
गाडीत बसताना माझ्याकडे वाकून म्हणाले,
"फ्यूजबॉक्सच्या मागे, डावीकडे. होय ना?"
मी फडक्याला हात पुसत राहिलो.
"कोणाला सांगत नाही," म्हणाले,
आणि डोळा मारला.

उद्या विसरतील.
विसरतील बहुतेक.